चंद्रकांतेकडे नेणारी उलटी वाट

ग्रंथ आधीं वाचावा आणि मग त्यावरील नाटक किंवा बोलपट पाहावा, असा रसिकांचा जुना दंडक आहे. ग्रंथ ही मूळ वस्तु व पडद्यावर दिसते ती तिची छाया. छायेच्या मागोमाग चालणाऱ्यास वस्तूचें खरें रूप दिसावयाचें नाहीं, अशी भीति या दंडकाच्या मुळाशीं असते. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु ती सर्वस्वी खरीहि नाहीं, हें मला देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी ग्रंथमालेनें शिकविलें. त्या मालेची व माझी ओळख उलट्या वाटेनेंच झाली. त्या वाटेवर काय हरवलें व काय सांपडलें याचा जमाखर्च येथें मांडावयाचा आहे.

१९९४ सालीं नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. रविवारीं सकाळीं ती लागली म्हणजे आमच्या घरीं चहाचे पेले हातांतच निवत. अखिलेंद्र मिश्र यांनीं रंगविलेला क्रूरसिंह आपल्या विलक्षण भुंवया उडवून ‘यक्कू’ असा हुंकार देई, तेव्हां आम्हां मुलांना आनंदाचें भरतें येई, आणि आजी “आला मेला पुन्हां!” म्हणून बोटें मोडी. तलवारी, भुयारें, मायावी शक्तींचे खेळ यांनीं तो पडदा गजबजलेला असे. मूळ पुस्तक शंभर वर्षांचें जुनें आहे, हें आमच्यापैकीं कोणाच्या गांवींहि नव्हतें.

पुढें कांहीं वर्षांनीं जुन्या पुस्तकांच्या ढिगांत ‘चंद्रकांता’ हें नांव दिसलें आणि मीं तें पुस्तक उचललें. लिपि आपलीच, हिंदीहि सोपी. तेव्हां वाचनास अडचण नव्हती. पहिला अनुभव मात्र निराशेचा आला. तेथें गर्जना नाहीं कीं रणवाद्यें नाहींत. सायंकाळच्या वेळीं डोंगराच्या पायथ्याशीं एका खडकावर दोन तरुण, नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह व त्याचा ऐयार मित्र तेजसिंह, हळूहळू बोलत बसले आहेत, इतकाच काय तो आरंभ! क्रूरसिंह आहे, पण तो विजयगढच्या दिवाणाचा मत्सरी मुलगा. खरा प्रबळ शत्रु म्हणजे चुनारचा राजा शिवदत्त. आणि सर्वांत मोठा अपेक्षाभंग हा कीं, जिच्यासाठीं मी आलों होतों ती जादूच या पुस्तकांत नाहीं.

आज मला वाटतें, या मालेचें मर्म याच अपेक्षाभंगांत आहे. खत्रींचा ऐयार मंत्र जाणत नाहीं. त्याच्याजवळ असतो एक बटवा. त्यांत शुद्ध हरपविणारी पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, रंग, खोटे केंस. आणि भिंतीवर चढावयास कमंद, म्हणजे फांसाचा दोर. बाकी सारें बुद्धीचें काम. त्याचा तिलिस्म तरी काय? पूर्वजांनीं द्रव्य लपविण्यासाठीं बांधलेली यंत्रमय वास्तु. दगडी पुतळा हलतो तो कळीनें, दार उघडतें तें कमानीनें. तो तिलिस्म अमक्याच्याच हातून तुटावयाचा, एवढा एक दैवाचा धागा लेखकानें ठेवला आहे, हें खरें. परंतु एरवीं प्रत्येक आश्चर्याचा उलगडा मनुष्याच्या कारागिरींत होतो. खत्री (१८६१–१९१३) यांनीं चकिया व नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतले होते आणि त्या रानांतील पडक्या गढ्यांतून ते हिंडले होते. त्यांच्या भुयारांना मातीचा वास येतो तो त्यामुळेंच. १८९० च्या आसपासचा, आगगाडी व तारायंत्र पाहिलेला हा लेखक राजाराणीची जुनी गोष्ट सांगतो, पण तिच्यांतील राक्षस काढून त्या जागीं यंत्र बसवितो. मालिकेनें नेमकी उलट क्रिया केली. यंत्र काढून तेथें पुन्हां माया आणून बसविली.

हें झालें कथावस्तूचें. याहून सूक्ष्म भेद वेषांतराच्या बाबतींत आहे. मालिका पाहून आलेला वाचक मनांत चेहरे घेऊन येतो. पात्रांच्या गर्दींत हे चेहरे प्रथम उपयोगी पडतात. वाट चुकत नाहीं. पण लवकरच तेच अडथळा होऊन बसतात. कारण कोणत्याहि चेहऱ्यावर विश्वास ठेवूं नये, हाच या ग्रंथाचा खेळ आहे. पडद्यावर ऐयारानें वेष पालटला म्हणजे डोळा, कान व संगीत मिळून आपणांस आधींच सावध करितात. पुस्तकांत लेखक केवळ “अमकी दासी आली” असें लिहितो, आणि आपण त्या दासीच्या नांवावर विसंबून पुढें जातों. दोन प्रकरणांनंतर कळतें कीं ती दासी नव्हतीच. येथें राजाबरोबर वाचकहि फसतो. चित्राला जें कष्टानें साधतें तें शब्दाला इतक्या सहज साधावें, ही लहानसहान गोष्ट नव्हे. असलीं पुस्तकें वाचणारा मनुष्य सहसा कोणाच्या फसवणुकीस बळी पडणार नाहीं, असें आश्वासन खत्रींनीं प्रस्तावनेंतच देऊन ठेवलें आहे. त्यांतील विनोद मला बऱ्याच उशिरां उमगला. वनांतून अकस्मात् प्रकट होणाऱ्या वनकन्येचें रहस्य येथें फोडण्याचा अरसिकपणा मी करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं तें वाचतांना मनांतील सारे चेहरे पुसून टाकावे.

ग्रंथाचे दोष झांकावे असें मात्र नाहीं. वीरेंद्र व चंद्रकांता यांचें प्रेम ठराविक सांच्याचें आहे. त्यांच्यापेक्षां तेजसिंह आणि स्वतः ऐयारींत निष्णात असलेली चपला हींच अधिक जिवंत वाटतात. ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांची असून तिच्यांतील उलगड्यांचे उलगडे वाचतांना धीर सुटतो. तथापि तिच्यांतच भूतनाथ भेटतो. आपलें पूर्वींचें दुष्कृत्य उघडकीस येईल या भयानें पछाडलेला हा ऐयार. सर्वांचे वेष ओळखणाऱ्याला स्वतःच्या भूतकाळावर मात्र वेष चढवितां येत नाहीं! त्याच्या नांवाची स्वतंत्र कादंबरी खत्रींच्या निधनामुळें अपुरी राहिली व ती त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनीं पुरी केली. मालिकेपाशींच थांबणाऱ्याचें खरें नुकसान जर कोणतें असेल, तर तें भूतनाथाची भेट न होणें हें होय.

आपल्याकडेहि ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या एके काळीं आवडीनें वाचल्या गेल्या आणि हरिभाऊ आपट्यांच्या वास्तव चित्रणानंतर मागें पडल्या. हिंदींत आचार्य रामचंद्र शुक्ल यांनीं आपल्या १९२९ सालच्या इतिहासांत खत्रींच्या कादंबऱ्यांना शुद्ध साहित्याचा मान दिला नाहीं. पण त्यांच्याइतके वाचक दुसऱ्या कोणीं निर्माण केले नाहींत, आणि ‘चंद्रकांता’ वाचावयास मिळावी म्हणून उर्दू जाणणारे कितीतरी लोक हिंदी शिकले, असेंहि त्यांनीं मोकळेपणानें नमूद केलें. त्या लोकांना तरी काय हवें होतें? गोष्ट हवी होती. लिपि वाटेंत आली म्हणून ती शिकले. मग आम्ही गोष्टीसाठींच पडद्यासमोर बसलों आणि पुस्तक वाटेंत आलें म्हणून वाचूं लागलों, तर आम्हांस वाचकांच्या पंक्तींतून उठविण्याचें कारण काय? उलटी वाट लांबची खरी, आणि वाटेंतलें पुष्कळसें ओझें मुक्कामावर टाकूनहि द्यावें लागतें; पण ती मुक्कामास पोहोंचते.

पुढें आजीची दृष्टि मंद झाली, तेव्हां दुपारीं मी तिला ‘चंद्रकांता’ मराठींत सांगत सांगत वाचून दाखवीत असें. पहिले दोनचार दिवस ती क्रूरसिंहाच्या त्या हुंकाराची वाट पाहत होती. मग ती तें विसरली. एखादें नवें पात्र आलें कीं ती मला थांबवी आणि आवाज खालीं आणून विचारी, “हा खरा तोच ना रे, कीं ऐयार कोणी?” उत्तर ठाऊक असूनहि मी सांगत नसें, नुसतें पान उलटीत असें.