निखिलकडे साक्षीदार आहेत

ओनीरच्या ‘माय ब्रदर निखिल’मध्ये (२००५) पोहण्याच्या तलावातला एक प्रसंग आहे. राज्याचा चॅम्पियन असलेला निखिल कपूर पाण्यात उतरतो आणि बाकीचे सगळे पाण्याबाहेर निघून जातात. पाणी तेच, पोरं तीच, बदललाय फक्त एक रिपोर्ट. या प्रसंगाचं कौतुक रास्तच आहे. पण मला त्याच्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पोलीस निखिलला पकडतात आणि एका सॅनेटोरियममध्ये एकट्याला डांबून ठेवतात. गुन्हा काय, तर रक्तात विषाणू सापडला.

यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर सिनेमा ज्याच्यावर बेतलाय त्या डॉमिनिक डिसोझाची गोष्ट बघा. गोव्यातला हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि १९८९च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं. म्हापशाजवळच्या टीबी सॅनेटोरियममध्ये त्याला ६४ दिवस ठेवलं गेलं. हे सगळं कायदेशीर होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ साली तशी तरतूदच केलेली होती. त्याची आई लूसी कोर्टात गेली, आनंद ग्रोव्हर यांनी केस लढवली, तरी मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं नाही. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली. १९९२मध्ये तो गेला.

‘लोक तपासणीला येत नाहीत, औषधं मध्येच सोडतात, डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत,’ अशी तक्रार आपण कायम ऐकतो. त्यावरचा उपायही ठरलेला असतो: जनजागृती. म्हणजे दोष अडाणीपणाचा. ‘माय ब्रदर निखिल’ या समजुतीला सुरुंग लावतो. माणसाने रक्त दिलं दवाखान्याला आणि दारात आले पोलीस. यानंतर त्याने दवाखान्याला भ्यायचं नाही तर काय करायचं? हा अविश्वास अनुभवातून आलेला आहे, आणि सिनेमा तो भाषण न ठोकता दाखवतो.

माझी अडचण पुढे सुरू होते. सिनेमातली पात्रं कॅमेऱ्याकडे बघत निखिलबद्दल बोलतात: बहीण, आई-वडील, त्याचा जोडीदार नायजेल. ही रचना मला आवडते, पण तीच सिनेमाची मर्यादाही सांगते. निखिलकडे साक्षीदार आहेत. त्याच्यासाठी धावपळ करणारी बहीण आहे, केस घेणारी वकील आहे, भिंतीवर पदकं आहेत. आपल्याला त्याचा कळवळा यावा म्हणून त्याला आधी चॅम्पियन केलंय. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याचं काय होतं?

याचं उत्तर १९८६च्या चेन्नईत आहे. भारतातली एचआयव्हीची पहिली नोंद तिथली. डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांच्या सांगण्यावरून सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या रक्ताचे ८०हून जास्त नमुने गोळा केले. त्यातल्या बऱ्याच जणी सरकारी सुधारगृहात डांबलेल्या होत्या. हातमोजेसुद्धा न घालता निर्मला यांनी रक्त काढलं, ते घरच्या फ्रिजमध्ये सांभाळलं. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले आणि देश जागा झाला. त्यांचं धाडस मोठंच. पण रक्त कशासाठी घेतलं जातंय, हे त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. देशाला त्यांच्या रक्ताचा उपयोग झाला. त्यांच्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायला मात्र कुणी बहीण बसलेली नाही.

२०१७च्या एचआयव्ही कायद्याने माहिती देऊन घेतलेली संमती बंधनकारक केली, रुग्णाची ओळख गुप्त ठेवायला सांगितली. हे फार गरजेचं होतं. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे, ‘मला मान्य आहे’ हे बटण रोज बघतो. ‘नाही’ म्हटल्यावर समोरचं दारच बंद होणार असेल, तर त्या ‘हो’ला फारसा अर्थ नसतो. सरकारी रांगेत दिवसाची मजुरी बुडवून उभ्या असलेल्या बाईला नर्सला प्रश्न विचारता येतो का, डॉक्टर खेकसला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येतं का, यावर संमतीची किंमत ठरते. पैसेवाल्याला विश्वास उडाला की दवाखाना बदलता येतो. गरिबाला त्याच खिडकीवर परत यावं लागतं, नाहीतर औषध सोडावं लागतं. मग आपण त्याला बेजबाबदार म्हणतो.

‘माय ब्रदर निखिल’ जरूर बघा. समलिंगी नातं त्याने ज्या सहजतेने दाखवलंय, तेवढ्यासाठीही बघा. फक्त शेवटी डोळे पुसताना एवढं मोजा, की निखिलच्या बाजूने किती माणसं बोलली. आणि त्या सहा जणींची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.