प्रसिद्धी आणि समान न्याय : काही गाजलेल्या खटल्यांची चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ ने कायद्यापुढील समानतेची हमी दिली आहे. तथापि एखादी नामवंत व्यक्ती गंभीर गुन्ह्यात आरोपी ठरते तेव्हा या हमीविषयी दोन परस्परविरोधी समज समाजात एकाच वेळी वावरताना दिसतात. 'मोठ्यांना कायदा लागतो कुठे?' हा एक समज. 'नाव मोठे म्हणूनच त्याला गोवले' हा दुसरा. दोहोंमागील गृहीतक मात्र एकच आहे : आरोपीच्या प्रसिद्धीचा परिणाम न्यायाधीशाच्या निर्णयावर होतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. मुंबईतील तीन खटले आणि अलीकडील दोन न्यायालयीन आदेश यांच्या आधारे असे म्हणता येते की, प्रसिद्धीचा प्रभाव केवळ निकालपत्रात शोधणे अपुरे आहे. तो शोधावा लागतो निकालाच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांत. जेथे कोणाला तरी विवेकाधिकार असतो आणि जेथे गेलेला वेळ परत मिळत नाही.

नानावटी खटला : न्यायालय आणि शासन

नौदलातील अधिकारी कमांडर के. एम. नानावटी यांनी १९५९ मध्ये मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. नानावटी आधीपासून प्रसिद्ध नव्हते. त्यांना प्रसिद्धी दिली ती खटल्याने आणि 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने चालविलेल्या मोहिमेने. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. हा कौल पुराव्याशी विसंगत वाटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप ठोठावली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

लोकप्रियतेपुढे ज्यूरी झुकली असे मानले तरी वरिष्ठ न्यायालये झुकली नाहीत, हे येथे नोंदविले पाहिजे. झुकते माप मिळाले ते अन्यत्र. उच्च न्यायालयाने शिक्षा सुनावली त्याच दिवशी राज्यपालांनी ती स्थगित केली, जेणेकरून आरोपी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहावा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना असा आदेश लागू राहू शकत नाही, असे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली. म्हणजे लोकभावनेने जे न्यायालयात साधले नाही, ते शासनाच्या विवेकाधिकारातून साधले.

संजय दत्त खटला : न झालेले अपील

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त यांना अवैध शस्त्र बाळगल्याबद्दल अटक झाली. टाडा न्यायालयाने त्यांना दहशतवादाच्या आरोपातून मुक्त केले आणि शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरवून २००७ मध्ये ६ वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती ५ वर्षांची केली. ही शिक्षा त्यांनी भोगली. त्यामुळे 'प्रसिद्धांना शिक्षाच होत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही.

मात्र याच खटल्यात, या प्रकरणातील शस्त्रे काही काळ घरी ठेवून घेतल्याबद्दल एका वयस्क महिलेला टाडाखालीच दोषी ठरविण्यात आले. दत्त यांच्या टाडामुक्तीविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने अपील केले नाही. त्यामुळे दोन आरोपींवरील कलमांतील हा फरक योग्य होता काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे थेट आलाच नाही. अपील न करण्यामागे प्रसिद्धी होती असे सिद्ध करता येत नाही. दोघांविरुद्धचा पुरावा एकसारखा होता असाही येथे दावा नाही. परंतु अपील करण्याचा निर्णय न्यायाधीशाचे निकालपत्र असते तसा कारणांसह लोकांसमोर येत नाही, आणि ज्याची कारणे दिसत नाहीत त्याविषयी संशय उरतोच. याउलट, फेब्रुवारी २०१६ मध्ये दत्त यांची येरवडा कारागृहातून मुदतीपूर्वी सुटका झाली, तेव्हा तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. शासनाला कारणे मांडावी लागली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ती सुटका नियमानुसार ठरविली. कारणे मांडावी लागली की संशयाची तपासणी होऊ शकते, हा या दोन प्रसंगांतील फरक आहे.

सलमान खान खटला : वेळेचे दोन वेग

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्रे येथे पदपथावर झोपलेल्यांच्या अंगावर मोटार गेली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी अभिनेता सलमान खान यांना दोषी धरून ५ वर्षांची शिक्षा दिली. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्यांना २ दिवसांचा अंतरिम जामीन दिला, ८ मे रोजी शिक्षा स्थगित केली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी, आरोप संशयातीतपणे सिद्ध झाला नाही म्हणून, त्यांची निर्दोष मुक्तता केली.

गुन्हा ते सत्र न्यायालयाचा निकाल हे अंतर साडेबारा वर्षांहून अधिक, आणि तो निकाल ते अपिलाचा निकाल हे अंतर अवघे ७ महिने. मधल्या काळात आरोपाचे स्वरूप बदलल्याने खटला नव्याने चालला. फिर्याद देणारा पोलीस अंगरक्षक त्यापूर्वीच, २००७ मध्ये, मरण पावला होता. त्याची आधीची साक्ष उच्च न्यायालयाला पूर्णतः विश्वसनीय वाटली नाही. संशयाचा फायदा हा प्रत्येक आरोपीचा हक्क आहे. त्याबद्दल न्यायालयाला दोष देणे अनुचित ठरेल. प्रश्न निराळा आहे. ज्या तत्परतेने एका अपिलार्थीचे स्वातंत्र्य जपले गेले, ती तत्परता इतरांच्या वाट्याला किती येते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. प्रसिद्धीचा आणि तिच्यासोबत येणाऱ्या संपत्तीचा लाभ मोजायचा तर तो या पार्श्वभूमीवर मोजला पाहिजे.

दोन न्यायालयीन भूमिका

अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांच्या जामीन अर्जावर ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे असा युक्तिवाद झाला की, तरुणांना संदेश मिळावा म्हणून प्रसिद्ध व्यक्तींशी कठोरपणे वागावे. न्यायालयाने तो नाकारला. प्रसिद्ध व्यक्तीला न्यायालयात विशेष सवलत नाही आणि तिच्यावर विशेष दायित्वही नाही, असा त्या आदेशाचा आशय आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कन्नड अभिनेता दर्शन यांचा खुनाच्या खटल्यातील जामीन रद्द केला. उच्च न्यायालयाच्या आदेशातील त्रुटी, आरोपांचे गांभीर्य आणि साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता ही कारणे त्यात आहेत. त्याचबरोबर, प्रसिद्ध व्यक्ती समाजाचे आदर्श असतात म्हणून त्यांचे उत्तरदायित्व अधिक असते, असेही त्यात म्हटले आहे.

या दोन भूमिकांमध्ये निवड करताना प्रसिद्धीचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. प्रसिद्धी ही वस्तुस्थिती म्हणून न्यायालयाने विचारात घेतलीच पाहिजे. चाहत्यांचा जमाव, पैसा व राजकीय वजन यांमुळे साक्षीदार घाबरत असतील, तर ते जामिनाच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. अप्रसिद्ध गावगुंडालाही हाच निकष लागतो. परंतु आदर्शत्व हा निकष आरोपीच्या कृत्याशी नव्हे, तर लोकांच्या त्याच्याविषयीच्या भावनेशी निगडित आहे. कौतुकामुळे सवलत मिळू नये हे मान्य केले, तर कौतुकामुळेच बोजा वाढावा हेही मान्य करता येत नाही. दर्शन प्रकरणातील निष्कर्ष पहिल्या प्रकारच्या कारणांवर उभा राहू शकतो. दुसऱ्या कारणाची त्याला गरज नव्हती. या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका अधिक तर्कशुद्ध वाटते.

समारोप

वरील विवेचनातून प्रसिद्धी निकाल विकत घेते असे सिद्ध होत नाही, आणि ती निरुपद्रवी आहे असेही दिसत नाही. ती तत्परता मिळवून देते, निष्णात वकील उभे करते आणि शासनाच्या विवेकाधिकाराचे दार ठोठावू शकते. यावर उपाय म्हणून नामवंतांचे जामीन लांबविल्याने अनामिक कच्च्या कैद्याचा एक दिवसही वाचणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जामीन अर्ज सामान्यतः २ आठवड्यांत निकाली काढावेत असे निर्देश दिले आहेत. त्यांची सर्वत्र अंमलबजावणी, आणि अपील न करण्याच्या शासकीय निर्णयांची कारणे नोंदवून ती प्रसिद्ध करणे, हे दोन मार्ग अधिक परिणामकारक ठरतील. ६ मे २०१५ रोजी एका अपिलार्थीला जे एका दिवसात मिळाले, ते त्याच्याकडून काढून घेण्यात समानता नाही. ते इतरांनाही मिळेल तेव्हाच अनुच्छेद १४ चा अर्थ कारागृहाच्या भिंतीआड पोहोचेल.