तबकडीवर उरलेले आवाज

ब्लूज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखातला एकटा गिटारवाला उभा राहतो. धुळीची वाट, मध्यरात्रीचा चौरस्ता आणि सैतानाशी केलेला सौदा. हे चित्र बरंचसं मागाहून रंगवलेलं आहे.

ध्वनिमुद्रिकांवरचा ब्लूज सुरू झाला तो बाईच्या आवाजात. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यू यॉर्कमध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. ते तडाखेबंद खपलं आणि काळा श्रोता पदरचे पैसे मोजून आपल्या माणसांचं गाणं घेतो, हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. १९२३ मध्ये मा रेनी आणि बेसी स्मिथ आल्या. तंबूतल्या खेळांत मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेले हे गळे होते. १९२५ च्या ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये बेसीची ओळ संपते तिथे लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट उत्तर देतं. ती सवालजवाबाची जागा मी कितीदा ऐकली असेल, तरी तिचा ताजेपणा उतरत नाही.

गिटारवाल्यांचा बाजार तापला तो १९२६ पासून, ब्लाइंड लेमन जेफरसनमुळे. त्याच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटंही बनवी. त्या धंद्याला जोड म्हणून तबकड्या आल्या. माल हलका, त्यामुळे खरखर फार. चार्ली पॅटनने १४ जून १९२९ ला एका दिवसात चौदा गाणी दिली, ती आज या खरखरीतून कान रोखून ऐकावी लागतात. पण एकदा कान बसला की गिटारच्या खोक्यावर मारलेली थाप, मध्येच आवाज बदलून स्वतःशीच बोलणं, शब्द गिळून तारेलाच पुढचं म्हणू देणं, सगळं उलगडत जातं. एक माणूस अख्खी मैफल उभी करतो आहे.

स्किप जेम्सचं नशीब वाईट. फेब्रुवारी १९३१ मध्ये तो पॅरामाउंटसाठी विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला गायला तेव्हा मंदीचे दिवस होते आणि तबकड्या घ्यायला कोणाकडे पैसे नव्हते. गिटार मायनर सुरावटीत लावून, उंच आणि विरळ आवाजात गायलेली ती गाणी मला या साऱ्या भांडारात सर्वांत एकाकी वाटतात. तो पुन्हा सापडला १९६४ मध्ये, मिसिसिपीतल्या ट्यूनिकाच्या इस्पितळात. त्याच्या आदल्या वर्षी मिसिसिपी जॉन हर्ट सापडला होता, १९२८ च्या त्याच्याच गाण्यात आलेल्या अॅव्हलॉन गावाच्या नावावरून माग काढत.

या शोधकर्त्यांचे, म्हणजे मुख्यतः गोऱ्या तरुण संग्राहकांचे, उपकार मोठे आहेत. पण आवडीनिवडीचं मापही त्यांनीच ठरवलं. जे खपलं नाही ते दुर्मीळ झालं, जे दुर्मीळ तेच अस्सल ठरलं, आणि घरोघरी वाजलेल्या बायका इतिहासाच्या प्रस्तावनेत ढकलल्या गेल्या.

सैतानाशी सौदा केल्याची कथा ज्याच्याविषयी सांगतात, त्या रॉबर्ट जॉन्सनवर तर उलटा अन्याय झाला. १९३६ आणि १९३७ मधल्या दोन मुक्कामांत त्याने २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. या गाण्यांत लेरॉय कार, कोकोमो आर्नल्ड, स्किप जेम्स यांच्या तबकड्यांचे धडे स्पष्ट ऐकू येतात. पियानोचा डावा हात त्याने गिटारच्या खर्जाच्या तारांवर उतरवला. हा रियाज आहे, आणि सैतानाची कथा त्याचं श्रेय त्याच्याकडून काढून घेते.

मग गीशी वायली ऐकावी. १९३० मध्ये ग्राफ्टनला गायलेलं ‘लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज’. बाई, आणि हातात गिटार. दोन्ही ठरीव चित्रांत न बसणारी. तिच्याविषयी हाती लागलेले कागद मोजकेच. सोबतीला एल्व्ही थॉमसची दुसरी गिटार आहे. तिकडे लक्ष ठेवा: मुख्य सूर थांबतो तेव्हाही ती चालत राहते.