‘मित्राची गोष्ट’ आणि पुल्लिंगी ‘मी’

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या प्रेमाचे नाटक म्हणूनच बव्हंशी त्याची चर्चा झाली. ही चर्चा चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. मित्रा महाविद्यालयातील नाटकात पुरुषभूमिका करते आणि त्या निमित्ताने नमाच्या प्रेमात पडते. तिला केवळ नमा हवी आहे, की नमासमोर पुरुष म्हणून उभे राहणेही हवे आहे, हा प्रश्न नाटक जागा करते आणि अनुत्तरित ठेवते.

त्याची खूण शीर्षकातच सापडते. ‘सीतेची’ या वळणाने ‘मित्रेची’ असे रूप झाले असते. ‘मित्राची’ या रूपात मित्रा ही मुलगी आणि मित्र हा पुरुष, दोघेही सामावतात. नाटकातील समाज जी जागा देत नाही, ती व्याकरणातले सामान्यरूप देते.

मुलगी म्हणून वाढविली गेलेली, परंतु स्वतःला पुरुष मानणारी व्यक्ती मराठीत ‘मी’ म्हणू लागली की क्रियापद आड येते. ‘मी पत्र लिहिले’ या कर्मणी प्रयोगात बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते. ‘मी आलो’ म्हणताच ते उघड होते. कोल्हापूरकडील बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, पण तेथे कोणी दचकत नाही. ऐकणाऱ्यांची बोलीही तीच असते. रूप एकच, परंतु आपलेपणा ठरतो तो ऐकणाऱ्यावर. मित्राजवळ असा ऐकणारा एकच, बापू. तोही अखेर दूर होतो आणि तिच्या मृत्यूनंतर तिची गोष्ट सांगणारा तोच उरतो. मित्रा सर्वांना दिसली. आपली अशी कुणालाच वाटली नाही.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ (२०१२) या आत्मकथनातील ‘मी’च्या पाठीशी गुरू-चेल्यांची जुनी परंपरा उभी आहे. मित्रासारख्यांना तसे घराणे लाभलेले नाही. आपले लिंग आपण ठरविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मान्य केला, परंतु निवाड्याने ऐकणारे निर्माण होत नाहीत. तेंडुलकरांनी मित्राचे एकाकीपण निर्भयपणे दाखविले, हे नाटकाचे मोठेपण. ते बापूच्या तोंडून सांगितले गेले, ही त्याची मर्यादा. मित्राचा ‘मी’ मित्राच्याच क्रियापदासह प्रकट होणे, हे कार्य पुढील लेखनाकडे राहिले आहे.