आरंभबिंदूचा प्रश्न आणि 'आयर्न मॅन'

दीर्घकाळ चालत आलेल्या चित्रकथामालिकेकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचा पहिला प्रश्न 'सुरुवात कुठून करावी?' असा असतो. हा प्रश्न वरकरणी व्यावहारिक आहे आणि त्याची उत्तरेही बहुधा व्यावहारिकच दिली जातात: अमुक संकलित खंड घ्यावा, तमुक अंकापासून वाचावे. परंतु ज्या संहितेला एक कर्ता नाही, जिला शेवट नाही आणि जिचा आरंभ पुनःपुन्हा नव्याने लिहिला गेला आहे, तिच्या बाबतीत आरंभबिंदूची निवड ही अन्वयार्थाचीच निवड ठरते. मार्व्हल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या 'आयर्न मॅन'बाबत ही गोष्ट विशेष तीव्रतेने जाणवते. या नायकाच्या जन्मकथेत एक युद्ध आहे, आणि ते युद्ध कोणते, याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

'टेल्स ऑफ सस्पेन्स'च्या ३९व्या अंकात (मार्च १९६३) हे युद्ध व्हिएतनामचे आहे. स्टॅन ली यांचे कथासूत्र, लॅरी लीबर यांची संहिता आणि डॉन हेक यांची चित्रे अशा सहकार्यातून ही कथा सिद्ध झाली. शस्त्रास्त्रांचा उत्पादक टोनी स्टार्क आपल्या नव्या उपकरणांची पाहणी करण्यासाठी दक्षिण व्हिएतनाममध्ये जातो, पेरलेल्या स्फोटकाच्या सापळ्यात सापडतो, आणि लोखंडाचा तुकडा हृदयाच्या दिशेने सरकत असताना वाँग-चू या बंडखोर म्होरक्याच्या कैदेत पडतो. सहबंदी असलेल्या प्राध्यापक यिनसेन यांच्या मदतीने तो जे चिलखत घडवतो, त्याचा छातीवरचा भाग त्याचे हृदय चालू ठेवतो. हे चिलखत राखाडी, बोजड आणि ओबडधोबड आहे. त्याच्या प्रत्येक सामर्थ्याचे स्पष्टीकरण 'ट्रान्झिस्टर' या एका शब्दाने केले जाते. अमेरिकेचे मोठे पायदळ व्हिएतनाममध्ये उतरण्याच्या दोन वर्षे आधीची ही कथा आहे, आणि शीतयुद्धातील आत्मविश्वास तिच्यात ओतप्रोत भरलेला आहे. शस्त्रे बनवणारा येथे केवळ बळी आहे. शत्रूचे व्यक्तिचित्र तर वांशिक व्यंगचित्राच्या पातळीवरच राहते.

कालक्रमाचा आग्रह धरणारा अभ्यासक येथूनच आरंभ करण्याचा सल्ला देईल. हा सल्ला शास्त्रशुद्ध असला, तरी नव्या वाचकाच्या दृष्टीने तो चुकीचाच म्हणावा लागतो. या संहितेला स्वतःच्या गाभ्यातील विसंगतीची जाणीव अद्याप झालेली नाही. ती जाणीव आणून देण्याची कुवत नव्या वाचकाजवळ नसते, आणि मग १९६३ची कथा केवळ एक जुनाट गंमत ठरते.

प्रकाशकाने सुचवलेला मार्ग याहून फसवा आहे. मुखपृष्ठावरील 'अंक १' हे आरंभाचे चिन्ह वाटते. पण स्टार्कच्या स्वतंत्र मालिकेचा पहिला अंक १९६८मध्ये निघाला, १९९६मध्ये ती ३३२व्या अंकावर थांबवून पुन्हा एकपासून मोजणी झाली, १९९८मध्ये पुन्हा, त्यानंतर २००४च्या अखेरीस आणि २००८मध्येही. हे आकडे विक्रीच्या गरजेतून आलेले आहेत, कथनाच्या नव्हे.

ऊम्बेर्तो एको यांनी १९६२च्या सुपरमॅनविषयक निबंधात अशा नायकाची अडचण मांडली होती. मिथकातील नायक स्थिर असतो, कादंबरीतील नायक काळाबरोबर झिजतो. चित्रकथेतील नायकाला दोन्ही एकाच वेळी असावे लागते, म्हणून त्याची प्रत्येक कथा जणू काही घडलेच नाही अशा धूसर काळात सुरू होते. स्टार्कच्या बाबतीत या विवेचनाला पुरवणी जोडावी लागते. मार्व्हलच्या कथांमध्ये मागील घटना पुढे आठवल्या जातात. येथे नायक झिजतो, पण त्याचे वय वाढत नाही. वय वाढू नये म्हणून मग त्याच्या जखमेची तारीख पुढे ढकलावी लागते. व्हिएतनाममध्ये घायाळ झालेला तरुण उद्योगपती एकविसाव्या शतकात तरुण राहू शकत नाही, म्हणून युद्धच बदलते. कथनाची ही तांत्रिक गरज आहे हे खरे. परंतु तिच्यामुळे इतिहासातील एका विशिष्ट युद्धाची जबाबदारी नायकाच्या चरित्रातून अलगद गळून पडते, आणि याचा विचार 'सुरुवात कुठून' सांगणारे क्वचितच करतात.

या पार्श्वभूमीवर १९७९मधील १२० ते १२८ हे अंक नव्या वाचकासाठी सर्वांत सकस प्रवेशद्वार ठरतात. 'डेमन इन अ बॉटल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कथेचे लेखन डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन यांचे, तर चित्रे प्रामुख्याने जॉन रोमिता ज्युनिअर आणि लेटन यांची आहेत. मद्यासक्तीची कथा म्हणून तिची ख्याती आहे, पण तिचा कणा दुसराच आहे. जस्टिन हॅमर हा प्रतिस्पर्धी दुरून चिलखताचा ताबा मिळवतो, आणि जमलेल्या लोकांसमोर स्टार्कच्याच हातून एका राजदूताचा मृत्यू होतो. आयर्न मॅन हा स्टार्कचा पगारी अंगरक्षक आहे, ही मालिकेतील जुनी बतावणी येथे प्रथमच खऱ्या अर्थाने जाचक होते: गुन्हा नोकराचा की मालकाचा? हातून सुटलेल्या शस्त्राला जबाबदार कोण, हा १९६३मध्ये अनुच्चारित राहिलेला प्रश्न कथेत घटनारूपाने अवतरतो.

त्यानंतर मात्र कथा त्याला बगल देते. बाटली पुढे येते आणि सार्वजनिक दोषाची जागा खासगी दोष घेतो. बेथनी केब स्टार्कला सावरते, रागाच्या भरात दुखावलेल्या जार्व्हिसची तो क्षमा मागतो, आणि व्यसनमुक्ती काही पानांत उरकते. ही घाई कलात्मक दोष आहेच. तरीही जार्व्हिसचा प्रसंग विसरता येत नाही: आईच्या औषधोपचारासाठी त्याने गहाण टाकलेले कंपनीचे दोन समभाग परत मिळत नाहीत, आणि महाकाय उद्योगाचे भवितव्य एका सेवकाच्या गरजेवर टांगलेले दिसते. चिलखताच्या बाहेरचे जग या मालिकेत इतक्या नेमकेपणाने क्वचितच आले असेल.

ती घाई डेनी ओनील यांनी भरून काढली. १९८३-८४मधील त्यांच्या अंकांत स्टार्क पुन्हा पिऊ लागतो, ओबाडाया स्टेन त्याची कंपनी गिळंकृत करतो, चिलखत जेम्स ऱ्होड्सकडे जाते, आणि नायक रस्त्यावर येतो. १८२व्या अंकात (मे १९८४) हिमवादळात एक बेघर स्त्री बाळाला जन्म देऊन मरते; ते बाळ स्टार्क स्वतःच्या देहाच्या उबेने जगवतो. चिलखत तेथे नाही. १९६३मध्ये पोलादाने हृदय जगवले होते. येथे उघडे शरीर दुसऱ्या जिवाला जगवते. ल्यूक मॅकडॉनेल यांची चित्रे रोमिता-लेटन यांच्याइतकी चकचकीत नाहीत, आणि हेच येथे उपकारक ठरते. 'डेमन इन अ बॉटल'वर थांबून ओनीलकडे न जाणारा वाचक अर्ध्या कथेवरच समाधान मानतो.

१९८७-८८मधील 'आर्मर वॉर्स' (अंक २२५ ते २३२) हा रंजक, वेगवान आणि वैचारिकदृष्ट्या संशयास्पद भाग आहे. आपले तंत्रज्ञान चोरीला जाऊन इतरांच्या चिलखतांत वापरले गेल्याचे कळताच स्टार्क ते नष्ट करण्यास निघतो. शासनाच्या रक्षकांवरही हल्ला करतो. या मोहिमेत एका सोव्हिएत प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू होतो. अपराधभाव खरा आहे, पण त्याचा विषय शस्त्र नसून शस्त्राची मालकी आहे. 'माझे' शस्त्र 'त्यांच्या' हाती गेले, ही वेदना. ते मुळात घडवले का, हा प्रश्न नव्हे. तो प्रश्न १९७५मध्येच, ७८व्या अंकात, बिल मँटलो यांनी विचारला होता. व्हिएतनाममधील आठवणींत गुरफटलेला स्टार्क तेथे मृतांच्या दफनस्थळी 'का?' एवढा एकच शब्द कोरतो.

आज नव्या वाचकाच्या हाती बहुधा वॉरन एलिस आणि आदी ग्रानोव्ह यांचे 'एक्स्ट्रीमिस' (२००५-०६) दिले जाते. सहा अंकांत पूर्ण होणारी, पूर्वज्ञान न मागणारी आणि २००८च्या चित्रपटाशी नाते सांगणारी ही कथा सोयीची आहे यात शंका नाही. तिच्या आरंभी एक माहितीपटकार स्टार्कला त्याच्या शस्त्रांविषयी थेट जाब विचारतो, आणि स्टार्क उलट त्यालाच विचारतो की, त्याच्या माहितीपटांनी जगात काय बदलले. हे दृश्य या मालिकेतील उत्कृष्ट संवादांपैकी एक आहे. परंतु येथे घाव अफगाणिस्तानात झालेला आहे. केवळ हीच कथा वाचणाऱ्याला त्या जागी पूर्वी दुसरे नाव होते हे कळण्याचा मार्ग नाही. पुढे २०१९मध्ये 'हिस्टरी ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स'ने सियानकाँग या कल्पित देशातील संघर्ष पुढे करून तीही अडचण दूर केली. तारीख आता पुन्हा ढकलण्याचे कारण उरलेले नाही.

म्हणून १९७९, मग १९८३-८४, आणि त्यानंतर १९७५मधील एका अंकावरून मागे १९६३कडे, असा उलटा क्रम अधिक फलदायी होईल. 'एक्स्ट्रीमिस' सर्वांत शेवटी. या वाटेने ३९व्या अंकापाशी पोहोचलेल्या वाचकाला त्या जुनाट चौकटींत एक वेगळीच गोष्ट दिसू लागते. पहिले चिलखत स्टार्कने एकट्याने घडवलेले नाही. त्यातील अर्धे श्रम यिनसेनचे आहेत, आणि ते प्रभारित होईपर्यंतचा वेळ मिळवून देण्यासाठी मरणाराही तोच आहे.