हिरवा ठिपका दिसला, म्हणजे प्रथिन केंद्रकात पोचवलं गेलं?

वनस्पतीतल्या एखाद्या नव्या जनुकावरचा शोधनिबंध उघडा. बऱ्याचदा एक फोटो भेटतोच: कांद्याच्या पापुद्र्यातली किंवा तंबाखूच्या भावकीतल्या रोपाची पेशी, काळी पार्श्वभूमी, त्यात हिरवा ठिपका. खाली निष्कर्ष, 'प्रथिनाची केंद्रकात वाहतूक होते.' माझी तक्रार आहे ती त्या 'वाहतूक' शब्दाबद्दल.

केंद्रकाच्या आवरणाला छिद्रं असतात. साधारण 40 ते 60 किलोडाल्टनपेक्षा लहान प्रथिनं त्यातून आपली आपण आतबाहेर करतात. मोठ्यांना वाहक लागतो. इम्पोर्टिन-अल्फा त्यांच्यावरचा लायसीन-आर्जिनीनचा छोटा पट्टा ओळखतं, इम्पोर्टिन-बीटा छिद्रापार नेतं आणि आत रॅन-जीटीपी माल उतरवून घेतं.

आता बघा. प्रथिन दिसावं म्हणून आपण त्याला चमकणारं जीएफपी जोडतो. ते स्वतः 27 किलोडाल्टनचं, एकटं असलं तरी केंद्रकात शिरतं! तुमचं प्रथिन 15 चं असेल तर जोडी झाली 42 ची. ती कुणी नेली की आपणच गेली? फोटोवरून कळत नाही. जोड तुटून सुटं जीएफपीच आत चमकत असेल, तेही कळत नाही. वर 35एस प्रमोटर, म्हणजे प्रथिनाचा नुसता पूर. शिवाय मोठ्या रिक्तिकेमुळे पेशीद्रव कडेला आणि केंद्रकाभोवती दाबलेलं असतं, ते वेगळंच फसवतं.

हे काही नवं ज्ञान नाही हो. 1984 मध्ये एसव्ही40 विषाणूच्या प्रथिनातलं एकच लायसीन बदललं, तर ते बाहेर राहिलं. तोच पट्टा पायरुव्हेट कायनेजला जोडला, तर ते आत गेलं. पट्टा लागतोच आणि तेवढा पुरतो, दोन्ही दाखवलं. आज आपण पट्ट्याचा अंदाज सॉफ्टवेअरला विचारतो आणि फोटो काढून मोकळे होतो.

आणि सॉफ्टवेअर सगळं थोडंच पकडणार? अरॅबिडॉप्सिसमधलं फायटोक्रोम-ए प्रकाश मिळाल्यावर केंद्रकात जातं ते एफएचवाय1 या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून. पट्टा एफएचवाय1 कडे असतो. नुसता फायटोक्रोमचा क्रम चाळणाऱ्याला हे सापडणारच नाही.

तेव्हा असा फोटो दिसला की तीन गोष्टी शोधा: पट्टा मोडल्यावरचा फोटो, सुटं जीएफपी नाही हे दाखवणारा ब्लॉट आणि दोन-तीन जीएफपी जोडून वजन वाढवलेला प्रयोग. तिन्ही नसतील, तर त्या प्रथिनावर पीएचडीची चार वर्षं लावण्याआधी हे प्रयोग स्वतः करून घ्या.