सीमापार यात्रेचीं साधनें व त्यांची परीक्षा

राजकीय वैरानें आंखलेल्या सीमा ओलांडून होणाऱ्या प्रवासाचा अभ्यास अलीकडे पुष्कळ होऊं लागला आहे. या लेखनांत तळमळ दिसते; साधनांची परीक्षा क्वचितच दिसते. जुन्या कागदास आपण जी कसोटी लावतों ती चालू काळच्या टिपणास कां लावूं नये, हें आम्हांस उमगत नाहीं.

कर्तारपूरचेंच उदाहरण घेऊं. गुरु नानकांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें जेथें काढिलीं तें हें स्थान १९४७ च्या फाळणींत पाकिस्तानांत गेलें. सीमेपासून अंतर अवघें चार-पांच किलोमीटर. म्हणून डेरा बाबा नानक येथून भाविक दुर्बिणींतून दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजीं मार्ग खुला झाला. पारपत्र दाखवावें, वीस डॉलर आकार भरावा, व्हिसावांचून जावें व त्याच दिवशीं परतावें, असा नियम ठरला. करारांत रोज पांच हजार यात्रेकरूंची सोय होती. हा आंकडा मर्यादेचा, गर्दीचा नव्हे. प्रत्यक्षांत माणसें पुष्कळच कमी गेलीं. तो यात्रेची संख्या म्हणून उतरून घेणें म्हणजे जमेच्या आकारावरून वसूल सांगण्यासारखें आहे. शिवाय मार्च २०२० पासून नोव्हेंबर २०२१ पर्यंत मार्ग महामारीमुळें बंद होता आणि मे २०२५ मध्यें भारतानें तो पुन्हा बंद केला. हे खंड न सांगतां वर्षावर्षांची तुलना मांडणें व्यर्थ होय.

दुसरें असें कीं, परवान्यांच्या नोंदींत भारतांतून गेलेलीच माणसें सांपडतात. पाकिस्तानचे लोक आपल्या बाजूनें, वेगळ्या वाटेनें तेथें येतात. फाळणींत ताटातूट झालेलीं भावंडें त्या आवारांत भेटलीं, हें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें आहे. यांस यात्रेकरू म्हणावें कीं पर्यटक? तीर्थ शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणें या धातूपासून आला. उताराची जागा हा त्याचा मूळ अर्थ. आमच्या मतें येथें तो जुना अर्थच अधिक उपयोगी आहे.

प्रश्नावलीसंबंधीं तर फारच सावधगिरी हवी. पहारेकऱ्याच्या देखत दिलेलें उत्तर आणि घरीं ओसरीवर दिलेलें उत्तर यांचें मोल एक नव्हे. उत्तर कोरियांतील कुमगांग पर्वताच्या सहली १९९८ सालीं सुरू झाल्या व दक्षिणेचे एकोणीस लाखांवर लोक तेथें गेले. त्यांवरून सलोखा वाढल्याचीं अनुमानें निघालीं. पण प्रवासी कुंपणाच्या आंत फिरत. स्थानिक लोकांशीं मोकळें बोलणें जवळजवळ नव्हतेंच. जुलै २००८ मध्यें एक प्रवासी स्त्री सैनिकाच्या गोळीनें मेली आणि सहली थांबल्या. मतपत्रकांनीं व्यवस्थेचें समाधान मोजलें होतें, सलोखा नव्हे.

आतां सर्वांत कठीण गोष्ट. नांव, गांव, तिथि यांवांचून पुरावा नाहीं, असें आपण मानतों. परंतु सीमेवरच्या माणसाचें नांव छापल्यास त्याचा पुढचा परवाना जाईल, चौकशीही होईल. म्हणून कित्येक संशोधक नांवाबरोबर स्थळ व दिवसही पुसून टाकतात. असली साक्ष तपासावी कशी? आम्हांस हा मार्ग मान्य नाहीं. नांव छापण्याचा तर मुळींच नाहीं.

गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ येथें आठवतो. १८५७ च्या धामधुमींतला हा वृत्तांत लेखकाच्या हयातींत छापला नाहीं. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं फेरफार करून तो प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित जपलें गेलें म्हणूनच दत्तो वामन पोतदारांस १९६६ सालीं मूळ पाठ देतां आला. सीमेवरच्या साक्षींचेंही असेंच करावें. पूर्ण टिपण एखाद्या संस्थेंत मोहरबंद ठेवावें, तें उघडण्याचें वर्ष लिहावें, आणि छापील लेखांत नांव गाळून बोलणें कोणत्या बाजूस, कोणासमक्ष झालें तेवढें अवश्य सांगावें. १९४७ ची ताटातूट ज्यांस स्वतः आठवते तीं माणसें आज ऐंशीच्या घरांत किंवा पलीकडे आहेत. त्यांचीं टिपणें आधीं घ्यावीं.